तिशी ओलांडली की अडगळ? भारतीय फुटबॉलच्या इतिहासाची साक्ष

१/
मार्च २०२५ मध्ये सुनील छेत्री निवृत्ती मागे घेऊन भारतीय संघात परतला, तेव्हा समाजमाध्यमांवर टिंगलीला ऊत आला. चाळिशीच्या माणसाला खेळवता, मग तरुणांनी काय करायचे, असा एकूण सूर होता. १९ मार्चला शिलाँग येथे मालदीवविरुद्धच्या ३-० अशा विजयात त्याने आपला ९५ वा आंतरराष्ट्रीय गोल केला, तरी टिंगल थांबली नाही. या टिंगलीच्या मुळाशी एक समजूत आहे : जुना खेळाडू दूर केला की नवा आपोआप घडतो. ही समजूत खोटी आहे, आणि तिने आपले फार नुकसान केले आहे. हा धागा त्याविषयी.

२/
आधी माझ्या विरोधातला पुरावा मीच मांडतो, म्हणजे उत्तरांत तो पुन्हा मांडण्याचे कष्ट पडणार नाहीत. छेत्री परतला, तरीही भारत २०२७ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरने आपल्याला २-१ असे हरवले आणि दार बंद झाले. तेव्हा एक बुजुर्ग आणला की संघ तरतो, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे असे की अनुभव ही साखळी असते. तिची एकेक कडी पुढच्या कडीत अडकवावी लागते. शेवटची उरलेली कडी हवेत लोंबकळताना पाहून साखळी निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे हा तर्काचा अपमान आहे.

३/
आता इतिहासाकडे, आणि तोही आपल्या अंगणातून. बजाजनगर, वाळूज, पंढरपूर ही आज छत्रपती संभाजीनगरची औद्योगिक बाजू. पण ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे पन्नाशीच्या दशकातील हैदराबादचे फुटबॉल हा मराठवाड्याच्या दृष्टीने परक्या प्रांताचा इतिहास ठरत नाही. आपल्याच जुन्या राज्याच्या राजधानीचा तो वारसा आहे. मुक्तिसंग्राम आपण आठवणीने साजरा करतो, पण हा वारसा आपण साफ विसरलो.

४/
त्या वारशाच्या केंद्रस्थानी एक माणूस होता : सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक. १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक. त्यांच्या हाताखाली या संघाने मुंबईतील रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. १९५० मध्ये मोहन बागानला हरवून ड्युरँड चषकही मिळवला. कलकत्त्याच्या मक्तेदारीला हैदराबादच्या पोलीस खात्यातील नोकरदारांनी दिलेला हा तडाखा होता.

५/
'नोकरदार' हा शब्द मुद्दाम वापरला. पोलीस संघातील खेळाडूला खात्यात नोकरी होती. गुडघा दुखावला म्हणून त्याची चूल बंद पडत नव्हती. एक हंगाम वाईट गेला म्हणून त्याला दुसऱ्या शहरात दार ठोठवावे लागत नव्हते. तो राहत असे, खेळत असे, खेळ मंदावला तरी मैदानावर येत असे आणि शेजारच्या पोराला दोन गोष्टी सांगत असे. अनुभव टिकायचा तर अनुभवी माणसाचे पोट आधी टिकावे लागते, ही साधी गोष्ट त्या व्यवस्थेला ठाऊक होती.

६/
आता साखळीची पहिली कडी. १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक. युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू थंडीत अनवाणी खेळत होते. या पराभवानंतरच बूट सक्तीचे झाले. त्या अपमानित संघात हैदराबादचे अझीझुद्दीन आणि नूर मोहम्मद होते. आजचे टीकाकार असते, तर 'सगळ्यांना घरी बसवा' असा हॅशटॅग दुसऱ्याच दिवशी फिरला असता.

७/
त्यांना घरी बसवले नाही. चार वर्षांनी, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकच्या संघात अझीझुद्दीन आणि नूर मोहम्मद पुन्हा होते. त्यांच्या सोबत विशीची दोन मुले होती : सिकंदराबादचा तुलसीदास बलराम आणि प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजे पीके. दहा गोल पचवलेली माणसे आणि मिसरूड फुटलेली पोरे एकाच खोलीत. पराभव कसा दिसतो हे ज्याने पाहिले आहे, तोच तो टाळण्याची रीत सांगू शकतो.

८/
१ डिसेंबर १९५६ रोजी या संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. तारखेकडे पाहा. बरोबर एक महिना आधी, १ नोव्हेंबरला, मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. म्हणजे त्या दिवशी मेलबर्नला आपल्या जुन्या राज्याचे बचावपटू आणि नव्या राज्याचा आघाडीवीर एकाच संघातून खेळत होते. भारत चौथा आला. आजवरची ती आपली ऑलिंपिकमधील सर्वोत्तम कामगिरी.

९/
दुसरी कडी : १९६०, रोम. हंगेरी, फ्रान्स, पेरू असा कठीण गट. फ्रान्सशी १-१ बरोबरी, बाकी दोन पराभव. पण पीके आणि बलराम हे मेलबर्नचे खेळाडू इथेही होते, थंगराज होता, आणि त्यांच्या भोवती आता चुन्नी गोस्वामी, जर्नेल सिंग, अरुण घोष, युसुफ खान, राम बहादूर असे नवे चेहरे होते. रहीमसाहेबांनी पाटी कधीही कोरी केली नाही. जुन्यांच्या मध्ये नव्यांना बसवले. विणकाम असेच होते : जुना धागा संपण्याआधी नवा जोडावा लागतो.

१०/
तिसरी कडी : १९६२, जकार्ता आशियाई स्पर्धा. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ असा पराभव. मग थायलंडवर ४-१, जपानवर २-०, उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामवर ३-२. अंतिम सामन्यात पुन्हा तोच कोरिया. बाहेरचे वातावरण पेटलेले होते. इस्रायल आणि तैवान यांना स्पर्धेतून वगळल्याबद्दल भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता. त्यामुळे जमाव खवळला आणि भारतीय वकिलातीवर हल्ला झाला. भरगच्च मैदान आपल्या खेळाडूंची हुर्यो उडवत होते.

११/
अशा गर्दीसमोर रहीमसाहेबांनी काय केले? गोलमध्ये थंगराजला उभे केले. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंगला, जो मुळात मध्यरक्षक बचावपटू, उपांत्य फेरीपासून आघाडीवर खेळवले. पहिल्या वीस मिनिटांत पीके आणि जर्नेल यांनी एकेक गोल केला. कोरियाने शेवटच्या पाच मिनिटांत एक फेडला, पण मग मात्र भारताने दार लावून घेतले. २-१. सुवर्णपदक. १९५१ नंतरचे दुसरे, आणि आजवरचे शेवटचे.

१२/
इथे एक चतुर वाचक हात वर करील : "अहो, पण पीके तेव्हा २६ वर्षांचा, चुन्नी २४ चा, जर्नेल २६ चा. हा तर तरुण संघ!" अगदी बरोबर, आणि हाच कळीचा मुद्दा आहे. अनुभव जन्मदाखल्यावर लिहिलेला नसतो. २६ व्या वर्षी पीके दोन ऑलिंपिक खेळून झाला होता. त्याच्या पायांत जोर तरुणाचा होता आणि डोक्यात सहा वर्षांच्या मोठ्या सामन्यांची शिदोरी होती. ती शिदोरी त्याला विसाव्या वर्षी संघात घेणाऱ्यांनी आणि शेजारी बसवलेल्या जुन्या जाणत्यांनी बांधून दिली होती.

१३/
अनुभव मैदानावर नेमके कोणते काम करतो? पूजेत ठेवायची ती वस्तू नव्हे. ८५ व्या मिनिटाला गोल बसल्यावर चेंडू कोणाकडे द्यायचा आणि कुठे थांबवायचा, हे कोणीतरी ओरडून सांगावे लागते. बचावफळी चार पावले पुढे सरकवायची की मागे घ्यायची, हे गोलरक्षकाला आणि मध्यातल्या बचावपटूला आधी दिसते. पंच कडक आहे की ढिला, हे पहिल्या दहा मिनिटांत हेरावे लागते. यातील काहीही धावण्याच्या चाचणीत मोजता येत नाही, म्हणून आकडेवारीवाल्यांना ते अस्तित्वातच नसल्यासारखे वाटते.

१४/
बजाजनगरच्या वाचकांना हे समजावण्याची गरज नसावी. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या सावलीत ही कामगार वसाहत वाढली. यंत्रावर पाळी केलेला कोणीही सांगेल : नवा ट्रेनी पुस्तक पाठ करून येतो, त्याचा हातही झपझप चालतो, पण टूल झिजू लागल्याचा आवाज जुना सेटर मान न वळवता ओळखतो. त्या सेटरला काढून दोन ट्रेनी घेतले, तर महिनाअखेरीस पगारखर्च कमी दिसतो आणि भंगाराचा ढीग वाढतो. ताळेबंदात पहिली गोष्ट लगेच दिसते, दुसरी उशिरा.

१५/
"मग १९९५-९६ चे मँचेस्टर युनायटेड?" हा विरोधकांचा हुकमी एक्का. पोरांच्या बळावर काही जिंकता येत नाही, असे समालोचक अॅलन हॅन्सन म्हणाले आणि बेकहॅम, स्कोल्स, नेव्हिल बंधूंच्या संघाने लीग व एफए चषक दोन्ही जिंकले. कथा छान आहे, पण अर्धीच सांगितली जाते. त्या संघाचा कर्णधार पस्तिशीचा स्टीव्ह ब्रूस होता. गोलमध्ये तिशी ओलांडलेला श्मायकेल, बचावात पॅलिस्टर आणि अर्विन, पुढे कँटोना. पोरे होती हे खरे, पण त्यांच्या चारी बाजूंना भिंती होत्या. एक्का म्हणून टाकलेले हे पान प्रत्यक्षात माझ्याच हातातले आहे.

१६/
केवळ तरुणांच्या संघाचा खरा प्रयोग पाहायचा असेल, तर तो आपल्याच देशात झाला. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकानंतर त्याच वयोगटातील मुलांचा 'इंडियन अॅरोज' संघ महासंघाने आय-लीगमध्ये उतरवला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यांतलाच. २०१७-१८ मध्ये दहा संघांत हा संघ दहावा आला. २०२२ मध्ये प्रयोग गुंडाळला गेला.

१७/
न्यायाने बोलायचे तर त्या मुलांपैकी अनेकजण पुढे चांगले खेळाडू झाले. पण कसे झाले ते पाहा. सुरेश वांगजाम २०१९ मध्ये बेंगळुरूला गेला आणि छेत्रीच्या संघात रोजच्या सरावाला उभा राहिला. समवयस्कांच्या घोळक्यात धावण्याचा दम आणि खेळण्याची हौस मिळते. चूक झाल्यावर खांद्यावर हात ठेवणारा, वेळप्रसंगी कान उपटणारा थोरला मात्र घोळक्यात मिळत नाही.

१८/
आता दुसऱ्या टोकाच्या भक्तांची खबर घेऊ. 'जुने ते सोने' म्हणून कोणाच्याही पायाशी लोटांगण घालणारे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि मावळतीचे परदेशी तारे आयात करण्याची शर्यत लागली. मुंबईने ल्युंगबर्ग आणि अॅनेल्का आणले, पुण्याने त्रेझेगे. आठ संघांत पुणे सहावे, मुंबई सातवी. हा अनुभव विकत घेतलेला होता. उत्सवात मूर्ती आणावी तसे तारे आले, हार घातले गेले आणि हंगाम संपताच विसर्जन झाले.

१९/
२०१६ मध्ये मुंबईने दिएगो फोर्लानला आणले. तो ३७ वर्षांचा होता, पण मनापासून खेळला आणि मुंबई साखळीत पहिली आली. मग उपांत्य फेरीच्या पहिल्याच सामन्यात कोलकात्यात त्याला लाल कार्ड मिळाले, परतीच्या सामन्याला तो मुकला आणि मुंबईचे आव्हान संपले. विश्वचषकाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूसही डोके गमावू शकतो. म्हणून म्हणतो, अनुभव ही हमी नव्हे. लोणचे मुरायला बरणी तीच राहावी लागते. दर हंगामाला बरणी बदलली तर उरतो तो नुसता खार.

२०/
बरणी तीच ठेवल्याचे उदाहरण गोव्यात आहे. धेंपो क्लब : प्रशिक्षक आर्मांदो कोलासो, आणि समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स ही वर्षानुवर्षे त्याच यादीत दिसणारी नावे. २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१०, २०११-१२ : आठ हंगामांत पाच राष्ट्रीय विजेतेपदे. शिवाय २००८ मध्ये एएफसी चषकाची उपांत्य फेरी. तोच क्लिफर्ड मिरांडा २०२३ मध्ये हंगामी प्रशिक्षक म्हणून ओडिशाला सुपर कप जिंकून देतो. खेळाडू संपला तरी अनुभव संपला नाही, कारण तो कुठेतरी मुरलेला होता.

२१/
अशीच साखळी १९६२ च्या संघाचीही. रहीमसाहेब जून १९६३ मध्ये कर्करोगाने गेले. आजारपणामुळे बलराम थांबला, १९६४ मध्ये चुन्नी गोस्वामी वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला. १९६६ च्या आशियाई स्पर्धेत भारत पहिल्याच फेरीत गारद. मग १९७० मध्ये बँकॉकला कांस्यपदक आले. कर्णधार हैदराबादचा सय्यद नईमुद्दीन, आणि प्रशिक्षकांच्या जोडीत कोण? पीके बॅनर्जी. मेलबर्नला विसाव्या वर्षी गेलेला मुलगा. आशियाई स्पर्धांतील फुटबॉलचे आपले ते शेवटचे पदक आहे.

२२/
आता महाराष्ट्राचा हिशेब मांडू. महिंद्रा कंपनीचा संघ १९६२ चा. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता, २०१० मध्ये बंद. पुणे एफसी २०१५ मध्ये संपले. मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरली आणि दिसेनाशी झाली. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडून तिची जागा हैदराबादला गेली. गोव्यात साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो यांनी २०१६ मध्ये आय-लीग सोडली. प्रत्येक वेळी बातमी आली : 'क्लब बंद.' प्रत्येक वेळी खरी बातमी होती : वीस-पंचवीस माणसांच्या डोक्यातले शहाणपण रस्त्यावर आले.

२३/
त्यातला एखादाच खालिद जमील निघतो. महिंद्रा, एअर इंडिया, मुंबई एफसी असा मुंबईच्या क्लबांतून खेळलेला, मग मुंबई एफसीचाच प्रशिक्षक. २०१६-१७ मध्ये ऐजॉलसारख्या छोट्या संघाला त्याने आय-लीग जिंकून दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारताचा प्रशिक्षक झाला. सिंगापूरकडून झालेला तो पराभव त्याच्याच कारकिर्दीतला, हे लपवण्याचे कारण नाही. पण विचार करा, ज्या संघांत असा माणूस घडला त्यांतले बहुतेक आज नाहीत. पुढचा खालिद कुठे घडणार?

२४/
"संघ म्हणजे धर्मशाळा नव्हे, जो खेळेल तो राहील," हे मला मान्य आहे. रहीमसाहेबही भावनेवर संघ निवडत नव्हते. जो धावू शकत नाही त्याला नव्वद मिनिटे खेळवू नका. पण खेळवणे आणि ठेवणे या दोन गोष्टी आहेत. त्याला वीस मिनिटे खेळवा, सरावात ठेवा, सतरा वर्षांच्या मुलांची फळी त्याच्या हाती द्या, पगार द्या. तेवढेही करायचे नसेल, तर हा तरुणांचा कैवार नसून पगाराची बचत आहे. तिला तिच्या नावाने हाक मारा.

२५/
कोणी विचारील, एक खेळाडू गेला तर एवढा आक्रोश कशाला? आपल्याकडे म्हण आहे : म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. एका छेत्रीवर हसणे क्षुल्लक आहे. पण ते हसू सवयीचे झाले की एकोणतिशीचा बचावपटू करार न मिळाल्याने घरी बसतो. मग बाविशीच्या मुलाला कळते की या धंद्यात सात वर्षांपलीकडे आयुष्य नाही. शहाणा बाप मुलाला मैदानावर पाठवायचे थांबवतो. ज्या तरुणांच्या नावाने हे सारे चालते, नुकसान अखेर त्यांचेच होते.

२६/
म्हणून मागणी साधी आहे. हैदराबादच्या पोलीस खात्याने १९५० मध्ये जे केले, ते आजच्या औद्योगिक महाराष्ट्राला अशक्य नाही. वाळूजपासून चाकणपर्यंत इतके कारखाने आहेत. प्रत्येक मोठ्या उद्योगसमूहाने दोन-तीन अनुभवी फुटबॉलपटूंना कायमची नोकरी द्यावी, संध्याकाळी त्यांना वसाहतीच्या मैदानावर पाठवावे आणि वीस वर्षे हात आखडता घेऊ नये. मेलबर्नचे पीके जकार्ताला पोहोचायला सहा वर्षे लागली होती, आणि तेव्हा सोबत रहीमसाहेब होते. आपण आज सुरुवात केली तरी उशीरच झालेला असेल.

२७/
इतिहासप्रेमींना शेवटची विनंती. आपण किल्ल्यांच्या भिंतींवर नावे कोरणाऱ्यांवर संतापतो, कारण वारशाची किंमत आपल्याला कळते. अझीझुद्दीन, नूर मोहम्मद, नेव्हिल डिसूझा, बलराम हीही वारशाचीच नावे आहेत. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत एखादा जुना फुटबॉलपटू असेल तर त्याच्याशी बोला, त्याचे सामने आणि तारखा लिहून घ्या. आणि पुढच्या वेळी कोणी 'म्हाताऱ्यांना काढा' असे लिहील, तेव्हा त्याला एवढेच विचारा : काढल्यावर शिकवणार कोण?

(धागा समाप्त)